अंदाज टपरीवर, आकडा पुलावर

5 नोव्हेंबर 2024, मंगळवार. पहाटेचे सव्वापाच. आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या दारात मी दोरीचं एक टोक पायाखाली दाबून उभी होते. माझी सहकारी दुसरं टोक घेऊन अंधारात पार्किंगच्या दिशेने चालत होती. दोरी शंभर फुटांची. ती ताठ झाली तिथे तिने जमिनीत एक लहानसा अमेरिकन झेंडा रोवला. मग दुसऱ्या बाजूलाही तसंच मापून दुसरा झेंडा.

या झेंड्यांच्या आत प्रचाराला बंदी असते. पक्षाची टोपी नाही, बिल्ला नाही, पत्रक नाही. इतकंच काय, राजकारणावर गप्पाही मारायच्या नाहीत, असं इलिनॉय राज्याचा कायदा सांगतो. झेंड्यांच्या बाहेर मात्र माणूस मोकळा. घोषणा द्या, अंदाज बांधा, उमेदवाराच्या केसांवर विनोद करा, कुणी अडवणार नाही.

मी मूळची सांगलीची. 1991 साली शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आले, इथल्या कम्युनिटी कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवलं आणि 2012 पासून दर निवडणुकीला मतदान केंद्रावर काम करते. अशा कर्मचाऱ्यांना इथे ‘इलेक्शन जज’ म्हणतात, आणि प्रत्येक केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं असावीच लागतात. दोरीच्या दुसऱ्या टोकाची माझी सहकारी दुसऱ्या पक्षाची. आम्ही दोघी इतकी वर्षं एकत्र दोरी धरतोय.

सहाला दार उघडलं. रांगेतले एक वयस्क गृहस्थ झेंड्यापाशी थांबले, डोक्यावरची पक्षाची टोपी काढून त्यांनी घडी करून खिशात घातली आणि मग आत आले. मतपत्रिका घेताना हसून म्हणाले, “माझा अंदाज बाहेर ठेवून आलोय.” मला एकदम माझे बाबा आठवले.

टपरीवरची पैज

सांगलीत पावसाळ्यात सगळं गाव कृष्णेच्या पाण्याचा अंदाज करतं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. संध्याकाळी त्यांच्याबरोबर मी घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर जायची. “रात्रीत चाळीस फूट होणार.” “छे हो, कोयनेतून अजून सोडलंच नाही.” “मागच्या सालचं विसरलात काय गुरुजी?” असं चालायचं. कुणीतरी म्हणायचं, पुढाऱ्याच्या आश्वासनाएवढं पाणी आलं तर मिरजेपर्यंत होडीनं जावं लागेल. मग हशा. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि पंचेचाळीसवर गेलं की धोका, हे सांगलीच्या लहान पोरालाही माहीत असतं. थोड्या वेळाने कुणीतरी पुलावर जाऊन खुणा वाचून यायचा. त्याने आकडा सांगितला की वाद तिथेच मिटायचा. सर्वात मोठ्या आवाजात अंदाज करणारा माणूसही चहाचा कप खाली ठेवून घरी जायचा आणि धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागायचा.

“अंदाज टपरीवर, आकडा पुलावर,” बाबा म्हणायचे. दोन्हींची जागा वेगळी आणि दोन्ही हव्यातच, असं त्यांना म्हणायचं असे.

1975 च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या पावसाळ्यात टपरीवर पाण्याच्या गप्पा होत राहिल्या, पण पुढाऱ्यांवरचे विनोद थांबले. बोलायच्या आधी माणसं मागे वळून बघायची. दिल्लीतलं ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक त्याच वर्षी बंद झालं, हे मला पुढे कळलं. टपरीवरची शांतता मात्र मी तेव्हाच ऐकली होती. मार्च 1977 मध्ये मतमोजणी झाली, रेडिओवर निकाल आले आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर इतका हशा झाला की दूध उतू गेलं तरी चहावाल्याचं लक्ष नव्हतं. सत्ताधाऱ्यावर हसता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्या हशाने शिकवलं.

“म्हणजे आता कुणीही उभं राहू शकतं?”

21 जुलै 2024 ला रविवार होता. आमच्याकडे चौदा माणसं जेवायला होती. मसालेभात, कोशिंबीर, कुणीतरी आणलेलं श्रीखंड. पाऊण वाजता सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली होती. आठच दिवसांपूर्वी, 13 जुलैला, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला होता. गोळी कानाला चाटून गेली. त्यानंतर मिलवॉकीच्या रिपब्लिकन अधिवेशनात ते कानाला पट्टी लावून आले, तेव्हा कित्येक प्रतिनिधींनीही कानाला तशीच पट्टी बांधली होती. आणि आता हे. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन महिन्याभरात आमच्याच शिकागोत भरणार होतं.

श्रीखंड तसंच राहिलं आणि घराची टपरी झाली. सोलापूरचे एक काका म्हणाले, “आता चार दिवस मारामारी होणार, लिहून ठेवा.” एक जण म्हणाला, “मिशेल ओबामा येणार.” माझ्या मैत्रिणीची कॉलेजात जाणारी मुलगी विचारायला लागली, “काकू, म्हणजे आता अधिवेशनात कुणीही उभं राहू शकतं?”

तिला मी त्या दुपारी जे सांगितलं तेच इथे सांगते, कारण हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकालाही पडेल. आपल्याकडे पक्षाचं अधिवेशन म्हटलं की ठराव, भाषणं आणि मांडव डोळ्यांसमोर येतो. जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला 1936 मध्ये भरलेलं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन मराठी माणसाला ठाऊक असतं. पण निवडणुकीचं तिकीट अधिवेशनात ठरत नाही. ते बंद दाराआड ठरतं आणि आपण बाहेर याद्यांची वाट बघतो. अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार औपचारिकरीत्या अधिवेशनच ठरवतं. राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी मतं देतात, एकेका राज्याचं नाव पुकारलं जातं आणि त्या राज्याचा माणूस उठून आकडा सांगतो. 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे 2,429 प्रतिनिधी होते, म्हणजे उमेदवारीला 1,215 मतं लागत होती.

डेमोक्रॅटिक पक्षात निवडून आलेल्या प्रतिनिधींबरोबर पदामुळे आपोआप प्रतिनिधी होणारेही असतात. पक्षाचे खासदार त्यांत येतात. बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार हे मिशिगनचे खासदार म्हणून त्या यादीत होते. पण 2018 पासूनच्या नियमानुसार चुरस असेल तर अशा प्रतिनिधींना पहिल्या फेरीत मत देता येत नाही. आधी लोकांनी निवडलेल्यांचा कौल, मग पुढाऱ्यांचा.

“मग पूर्वी खरंच मारामारी व्हायची?” तिने विचारलं.

शिकागोचे कोपरे

मी तिला पुढच्या शनिवारी गाडीत घालून शहरात नेलं. दोन डझनांहून अधिक राष्ट्रीय अधिवेशनं या एका शहरात झाली आहेत, आणि त्यांतल्या मोठ्या गोष्टी पायी फिरून बघता येतात.

पहिला थांबा लेक स्ट्रीट आणि वॅकर ड्राइव्हचा कोपरा. आता तिथे काचेच्या उंच इमारती आहेत. 1860 मध्ये तिथे ‘विगवॉम’ नावाची लाकडी इमारत रिपब्लिकन अधिवेशनासाठी घाईघाईने उभारली होती. सगळ्यांचा अंदाज एकच होता, न्यूयॉर्कचे विल्यम सीवर्ड. पहिल्या फेरीत त्यांना 173½ मतं पडली आणि अब्राहम लिंकन नावाच्या इलिनॉयच्या वकिलाला 102. लिंकनच्या माणसांनी प्रवेशाची जादा तिकिटं छापून आपले लोक सभागृहात भरले होते. तिसऱ्या फेरीअखेर लिंकन 231½ वर पोहोचले. हवी होती 233. तेवढ्यात ओहायोचा प्रतिनिधी उठला आणि त्याने आपल्या राज्याची चार मतं फिरवली. दीड मताचा तो उंबरठा ओलांडला गेला. अंदाज करणाऱ्या बहुतेकांचा अंदाज चुकला आणि देशाला लिंकन मिळाला.

दुसरा थांबा मिशिगन अव्हेन्यूवरचं ब्लॅकस्टोन हॉटेल. 1920 च्या रिपब्लिकन अधिवेशनात पेच सुटेना तेव्हा पुढारी रात्री इथल्या एका खोलीत सिगार ओढत बसले आणि दहाव्या फेरीत वॉरन हार्डिंग यांचं नाव पुढे आलं. ‘धुराने भरलेली खोली’ हा शब्दप्रयोग अमेरिकन राजकारणात रुजला तो या हॉटेलमुळे. लोकांच्या नजरेआड ठरलेल्या गोष्टीला त्या देशाने असं नाव दिलं की ती खोली पुन्हा कधी निरागस वाटली नाही. एका चांगल्या थट्टेची ताकद ही एवढी.

पण त्या मुलीला सर्वात आवडली ती 1924 ची गोष्ट, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा उमेदवारीला दोन तृतीयांश मतं लागत. विल्यम मॅकअडू आणि अल स्मिथ या दोघांत पक्ष मधोमध चिरला होता. एका बाजूला दक्षिण आणि ग्रामीण भाग, दुसऱ्या बाजूला शहरं आणि कॅथलिक स्थलांतरित. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही, हा ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने पडला. जून संपला, जुलै उजाडला, उकाड्याने माणसं घामाघूम झाली तरी निर्णय होईना. त्या वर्षी अधिवेशनं पहिल्यांदाच रेडिओवर ऐकू येत होती. अकारविल्हे पहिलं राज्य अलाबामा. त्याचे गव्हर्नर प्रत्येक फेरीला उठून खणखणीत आवाजात सांगायचे की अलाबामाची चोवीस मतं ऑस्कर अंडरवुड यांना. फेरीमागून फेरी तेच वाक्य. शेवटी सगळं सभागृह त्यांच्याबरोबर ते वाक्य म्हणायला लागलं आणि देशभर घराघरांत लोक त्याची नक्कल करू लागले.

अखेर एकशे तिसऱ्या फेरीत जॉन डेव्हिस हे तिसरेच गृहस्थ निवडले गेले. नोव्हेंबरमध्ये ते कॅल्विन कूलिज यांच्याकडून हरले.

त्या सभागृहात वार्ताहर म्हणून विल रॉजर्स हा विनोदकार बसला होता. ओक्लाहोमाचा, चेरोकी वंशाचा, दोरीचे फास फेकत गप्पा मारणारा. रोज त्याचा स्तंभ छापून यायचा आणि थकलेला देश तो वाचून हसायचा. मी कुठल्याच संघटित पक्षाचा नाही, मी डेमोक्रॅट आहे, हे त्याच्या नावावरचं वाक्य आजही अमेरिकेत सांगतात. त्या अधिवेशनात त्यालाही एक मत पडलं. चार वर्षांनी ‘लाइफ’ या तेव्हाच्या विनोदी साप्ताहिकाने त्याला राष्ट्राध्यक्षपदाला उभं केलं. त्याचं आश्वासन एकच होतं, निवडून आलो तर राजीनामा देईन. मतदानाच्या दिवशी त्याने आपण निवडून आल्याचं जाहीर केलं आणि शब्द पाळला. 1940 मध्ये ग्रेसी ॲलन या रेडिओवरच्या विनोदी अभिनेत्रीने ‘सरप्राइज पार्टी’ काढली, कांगारू हे पक्षाचं चिन्ह केलं आणि ओमाहा शहरात खरंखुरं अधिवेशनही भरवलं.

ही माणसं लोकशाहीची टर उडवत नव्हती. उमेदवार म्हणजे देव नव्हे, तो आपल्यातलाच माणूस आहे आणि त्याच्याकडे मत मागायला येणाऱ्यासारखंच बघायचं, ही आठवण ती लोकांना करून देत होती. मला ही कामगिरी फार मोलाची वाटते.

हसू सभागृहाबाहेर पडलं

ब्लॅकस्टोनच्या शेजारी, बाल्बो रस्त्याच्या पलीकडे हिल्टन हॉटेल आहे. मी तिला तिथे उभं केलं आणि 1968 च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनाची गोष्ट सांगितली. व्हिएतनाम युद्ध चाललं होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली होती. 23 ऑगस्टला ‘यिपी’ म्हणवणाऱ्या तरुणांनी शिकागोच्या सिव्हिक सेंटरसमोर ‘पिगासस’ नावाच्या डुकराची राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली. पोलिसांनी तरुणांना पकडलं आणि डुकरालाही नेलं. पाच दिवसांनी याच हिल्टनसमोर पोलिसांनी निदर्शकांना लाठ्यांनी झोडपलं, आणि ते दृश्य टीव्हीवर साऱ्या देशाने बघितलं. पुढे अधिकृत चौकशी अहवालाने त्याला पोलिसांचीच दंगल म्हटलं. इथे उभी राहिले की मला 1975 ची टपरी आठवते. थट्टेला घाबरणारी सत्ता पुढे कुठपर्यंत जाते, ते या चौकात दिसतं.

त्याच अधिवेशनात ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी मिळाली, आणि त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. लोक संतापले. पक्षाने आयोग नेमला, नियम बदलले आणि 1972 पासून प्रतिनिधी निवडण्याचं काम मुख्यतः राज्याराज्यांतल्या मतदारांकडे आलं. आज जानेवारी ते जून ज्या प्राथमिक निवडणुका चालतात, त्यांचं महत्त्व या चौकातल्या रक्तातून आलं आहे.

या सुधारणेचा एक परिणाम असा झाला की अधिवेशनातली उत्कंठा संपली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी एकाहून जास्त फेऱ्या तर त्याआधीच, 1952 मध्ये, अडलाय स्टीव्हनसन यांच्या वेळी शेवटच्या लागल्या होत्या. 1976 मध्ये जेराल्ड फोर्ड यांनी रोनाल्ड रेगन यांना 1,187 विरुद्ध 1,070 असं हरवलं, तेवढीच एक खरी चुरस उरली. आता प्रतिनिधी येतात तेव्हा निकाल ठरलेला असतो. विस्कॉन्सिनची माणसं डोक्यावर चीजच्या आकाराच्या टोप्या घालतात, टेक्सासची काउबॉय हॅट घालतात, आणि एकेक राज्य आकडा सांगताना आपल्या फळांची, नद्यांची, खेळाडूंची तारीफ करून घेतं. मला हे वारीतल्या दिंड्यांसारखं वाटतं. विठ्ठल कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं, तरी प्रत्येक दिंडी आपल्या गावची पताका घेऊन येते.

सभागृहात प्रश्नच उरला नाही, तेव्हा विनोद बाहेर टीव्हीवर गेला. 1972 मध्ये मायामी बीचला तो शेवटचा सभागृहात शिरला होता. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानात प्रतिनिधींनी गमतीने टीव्ही मालिकेतल्या आर्ची बंकर या पात्राला आणि माओ त्से-तुंग यांनाही मतं दिली. त्या गमतीजमतीत इतका उशीर झाला की उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न भाषणाला उभे राहिले तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजत आले होते आणि देश झोपला होता. आयुष्यातलं सर्वात महत्त्वाचं भाषण त्यांनी रिकाम्या दिवाणखान्यांना ऐकवलं. मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. मोजणीच्या जागी गंमत शिरली की किंमत मोजावी लागते.

याउलट गोष्ट 1988 ची. अटलांटाच्या अधिवेशनात आर्कान्सासचे तरुण गव्हर्नर बिल क्लिंटन अर्धा तासाहून जास्त बोलत राहिले. “शेवटी” म्हणाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. टीव्हीवरच्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांत त्यांची यथेच्छ थट्टा झाली. आठवड्याभराने ते त्यांतल्याच जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात गेले. कार्सनने टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवलं. क्लिंटन मनापासून हसले आणि सॅक्सोफोन वाजवून आले. चार वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले. स्वतःवरचा हशा सोसता येणं ही सत्ता मागणाऱ्याची एक परीक्षा आहे, असं मला वाटतं.

अंदाजाचं गणित

अंदाजाबद्दल मला शिक्षिका म्हणून थोडं सांगायचं आहे. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने एक कोटी लोकांना मतचाचणीची पत्रं पाठवली. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. त्यांनी सांगितलं, आल्फ लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. चूक अशी की नावं टेलिफोनच्या याद्या आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतली होती. मंदीच्या काळात फोन आणि मोटार असलेला माणूस सगळ्या देशाचं मन कसं सांगणार? जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना, पण सर्व थरांतल्या, विचारलं आणि निकाल बरोबर सांगितला. पातेल्यातला भात शिजला का हे बघायला चार शितं पुरतात, पण पातेलं ढवळून घेतलेली असावीत.

1948 मध्ये आमच्या ‘शिकागो ट्रिब्यून’ने मोजणी संपायच्या आधीच ड्यूई यांनी ट्रुमन यांना हरवलं असा मथळा छापला. जिंकलेले ट्रुमन सेंट लुईसच्या स्टेशनात तोच अंक उंच धरून हसत उभे आहेत, तो फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवायची.

2016 मध्ये एका नामवंत संख्याशास्त्रीय अंदाजाने ट्रम्प यांना सुमारे 29 टक्के संधी दिली होती. ते जिंकले तेव्हा लोक म्हणाले, अंदाज फसला. मी वर्गात विचारलं, “पावसाची शक्यता तीस टक्के असताना तुम्ही कधी भिजला नाहीत?” अंदाज ही शक्यता असते. ती निकाल म्हणून ऐकली की आपण फसतो.

त्यात इथे मतांची बेरीज राज्यवार होते. एकूण 538 निर्वाचक, बहुमताला 270. इलिनॉयची मतं (2024 मध्ये 19) 1992 पासून दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराला गेली आहेत, त्यामुळे आमच्या राज्यात राष्ट्राध्यक्षपदाचा अंदाज करण्यात फारसा रस नाही. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये मात्र 2016 चा फरक सुमारे 22,700 मतांचा आणि 2020 चा सुमारे 20,700 चा. म्हणून आमच्या भागातली दोन्ही पक्षांची माणसं शनिवार-रविवारी तासभर गाडी हाकत तिकडे दारं ठोठावायला जातात.

चिठ्ठ्यांचा डबा

21 जुलैच्या त्या जेवणाला आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. उमेदवार कोण, उपराष्ट्राध्यक्षपदाला कोण, नोव्हेंबरात कोण. बक्षीस बाकरवडीचं पाकीट. मारामारीचा अंदाज दोन दिवसांतच पडला. पक्ष कमला हॅरिस यांच्यामागे उभा राहिला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानातून उमेदवारी ठरली. उपराष्ट्राध्यक्षपदाला आमच्यातल्या बहुतेकांनी पेनसिल्व्हेनियाचे जोश शापिरो लिहिले होते. निवड झाली मिनेसोटाचे टिम वॉल्झ यांची. ते एकेकाळी भूगोलाचे शिक्षक होते, म्हणून मला आनंद झाला.

19 ते 22 ऑगस्टला युनायटेड सेंटरमध्ये अधिवेशन झालं. राज्यांची नावं पुकारताना प्रत्येकासाठी गाणं वाजत होतं. शेवटच्या रात्री गायिका बियॉन्से येणार, अशी अफवा अख्ख्या देशात पसरली. आमच्या दिवाणखान्यातही कुणी जागचं हललं नाही. ती आली नाही. फुगे पडले, लोक उठले आणि ती मुलगी म्हणाली, “काकू, खोटं ठरलं तरी वाट बघायला मजा आली.” टपरीवर नेमकं हेच मिळतं. चार तास माणसं एका देशाचा विचार करत एकत्र बसतात.

5 नोव्हेंबरला संध्याकाळी सात वाजता आम्ही केंद्राचं दार बंद केलं. शेवटची मतपत्रिका यंत्रात गेली होती. यंत्रातून निकालाची लांब कागदी पट्टी बाहेर आली. मी आकडे मोठ्याने वाचले, माझ्या सहकारिणीने ते मतदारांच्या नोंदीशी ताडून बघितले. मग माझी सही, तिची सही. देशात काय चाललं आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. शेजारचं विस्कॉन्सिन ट्रम्प सुमारे 29 हजार मतांनी जिंकणार आहेत, हेही तेव्हा कळलेलं नव्हतं. आमच्यापुरतं त्या पट्टीवरचे आकडे खरे होते आणि दोन पक्षांच्या दोन बायकांनी त्याखाली नावं लिहिली होती. पुलावरच्या खुणा वाचून येणाऱ्या माणसाचं काम आता माझ्याकडे आहे, असं मला दर वेळी वाटतं.

सामान गाडीत ठेवून आम्ही दोरी गुंडाळायला बाहेर आलो. थंडी वाढली होती. मी झेंडे उपटले, त्यांची माती झटकली आणि पिशवीत टाकले. तिने हातमोजे चढवले, माझ्याकडे वळली आणि सकाळपासून दाबून ठेवलेला प्रश्न विचारला, “आता सांग, तुझा अंदाज काय?”